घोरण्याचे निदान रक्ताच्या नळीत शोधण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

स्लीप अ‍ॅप्निया (झोपेत श्वास पुन्हा पुन्हा अडण्याचा विकार) आणि मायक्रोआरएनए (जनुकांच्या कामावर लगाम ठेवणारे आरएनएचे छोटे तुकडे) हे दोन शब्द अलीकडे आरोग्यविषयक मजकुरात जोडीने दिसू लागले आहेत. २०२४ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मायक्रोआरएनएच्या शोधाला मिळाल्यापासून तर प्रत्येक आजाराला आपापला एक मायक्रोआरएनए नेमून दिल्यासारखे लिहिले जाते. त्यात घोरण्याचाही नंबर लागला. अंगाला तारा लावून रात्र काढायला नको, सकाळी थोडे रक्त दिले की काम झाले, असा एकूण सूर. झोपेची तपासणी आणि रक्तातील आरएनएचे मोजमाप या दोन्ही बाजू रोज हाताळणाऱ्यांना तो खटकतो, म्हणून हे पत्र. विषयात दम आहे, याबद्दल वाद नाही. पण घशात अडथळा होतो की नाही, हे मायक्रोआरएनए सांगत नाही. त्या अडथळ्याला शरीर दाहाच्या, म्हणजे आतल्या सुजेच्या, रूपाने काय उत्तर देते, त्याची ती खूण आहे; आणि ही खूण वाचताना पाय घसरायच्या जागा बऱ्याच आहेत.

आधी रात्री काय घडते ते पाहू. झोप लागली की जिभेच्या मुळाचे आणि मऊ टाळूचे स्नायू सैल पडतात. ज्यांचा घसा मुळात अरुंद किंवा मानेत चरबी जास्त, त्यांची हवेची वाट मिटते. छाती-पोट श्वास ओढत राहतात, हवा मात्र आत जात नाही. घोरणे एकदम थांबते आणि शेजारी झोपलेल्याला वाटते, चला, आता शांत झोप लागली! रक्तातील ऑक्सिजन ९६ टक्क्यांवरून ८५ वर, कधी ८० च्याही खाली उतरतो. मग मेंदू क्षणभर जागा होतो, धाप लागल्यासारखा एक मोठा श्वास येतो आणि ऑक्सिजन झपकन वर चढतो. बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर ही घसरण काही सेकंद उशिराच उमटते, कारण फुप्फुसातले रक्त बोटापर्यंत पोचायला वेळ लागतो. त्यामुळे आलेखात श्वास पुन्हा सुरू झालेला दिसतो आणि ऑक्सिजनची रेघ अजून खालीच चाललेली असते. नवखा तंत्रज्ञ इथे हमखास गोंधळतो.

हवेचा प्रवाह ९० टक्के वा अधिक घटून किमान १० सेकंद तसाच राहिला तर तो अ‍ॅप्निया. किमान ३० टक्के घट आणि तिच्यासोबत ऑक्सिजनची घसरण किंवा झोपमोड असेल तर हायपॉप्निया. दोन्हींची मिळून दर तासाची सरासरी म्हणजे एएचआय. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० पासून पुढे तीव्र. ३० म्हणजे दर दोन मिनिटांना एकदा, सात तासांच्या झोपेत २१० वेळा. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक अंदाजानुसार ३० ते ६९ वयोगटात ५ किंवा अधिक एएचआय असलेले सुमारे ९३ कोटी ६० लाख लोक आहेत आणि त्यांतल्या सुमारे साडेबेचाळीस कोटी लोकांचा एएचआय १५ किंवा त्याहून अधिक आहे.

उंच डोंगरावर राहणाऱ्याच्या रक्तातही ऑक्सिजन कमी असतो, पण तो सतत कमी असतो. शरीर त्याच्याशी जुळवून घेते. इथे तसे नाही. तुटवडा, लगेच भरपाई, पुन्हा तुटवडा. अडलेला रक्तपुरवठा अचानक मोकळा झाल्यावर ऊतींची जशी हानी होते, तशाच धर्तीवर प्रत्येक भरपाईच्या वेळी पेशीत ऑक्सिजनची उपद्रवी रूपे तयार होतात. त्यांच्या माऱ्याने पेशीतला एनएफ-कप्पा-बी नावाचा प्रथिनसंच जागा होतो. एरवी तो आपल्या आवरक प्रथिनाला बांधलेला, पेशीद्रवात पडून असतो. बंधन सुटले की केंद्रकात शिरतो आणि टीएनएफ-अल्फा, इंटरल्यूकिन-६, इंटरल्यूकिन-८ अशा दाहकारक रेणूंची जनुके चालू करतो. डब्लिनच्या संशोधकांनी २००५ मध्ये दाखवले की तुटक तुटवड्याने एनएफ-कप्पा-बी जागा होतो, पण सततच्या तुटवड्याला उत्तर देणारा हिफ-१ हा प्रथिनसंच त्या मानाने शांत राहतो. इतर प्रयोगशाळांना तुटक तुटवड्यातही हिफ-१ जागा झालेला दिसला आहे. हा वाद अजून मिटलेला नाही आणि त्याचे एक कारण प्रयोगाच्या भांड्यात दडलेले आहे. त्याकडे पुढे येऊ.

मायक्रोआरएनए म्हणजे सुमारे २२ अक्षरांचा आरएनएचा तुकडा. १९९३ मध्ये व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रव्हकुन यांच्या प्रयोगशाळांनी एका मिलिमीटरभर लांबीच्या गोलकृमीत तो ओळखला. त्यापासून प्रथिन बनत नाही. लांब आरएनएची केसाच्या आकड्यासारखी घडी केंद्रकात ड्रोशा हे विकर (एन्झाइम) कापते, बाहेर आल्यावर डायसर तिचे टोक छाटते आणि उरलेल्या जोडीतील एक धागा अर्गोनॉट या प्रथिनात बसवला जातो. मग हा धागा आपल्या दुसऱ्या ते आठव्या अक्षरांच्या जुळणीवर, प्रथिनाची कृती वाहून नेणारा संदेशवाहक आरएनए शोधतो आणि त्याचे प्रथिनात होणारे भाषांतर थांबवतो किंवा तो लवकर नष्ट होईल असे पाहतो. सात अक्षरांची जुळणी पुरत असल्याने एक मायक्रोआरएनए शेकडो जनुकांवर हात ठेवू शकतो. हाताचा दाब मात्र हलका असतो. बहुतेक लक्ष्य-प्रथिने थोडीशीच कमी होतात, नाहीशी होत नाहीत. ‘अमुक मायक्रोआरएनए दाहाचे बटण आहे’ हे वाक्य म्हणूनच चुकीचे. आवाज कमी-जास्त करायची खुंटी म्हटले तर जवळपास बसते.

या विषयाचा गाभा दोन नावांत आहे : मिर-१५५ आणि मिर-१४६ए (‘मिर’ हे मायक्रोआरएनएचेच छोटे रूप). दोन्हींची जनुके एनएफ-कप्पा-बीच चालू करतो. मिर-१५५ हा एसओसीएस-१ या आवर घालणाऱ्या प्रथिनाला दाबतो, म्हणजे ब्रेकलाच ब्रेक लावतो, आणि दाह वाढतो. मिर-१४६ए हा ट्राफ-६ आणि आयरॅक-१ या, एनएफ-कप्पा-बीला जागे करणाऱ्या साखळीतल्या दोन कड्या कमजोर करतो. हे २००६ मध्ये उलगडले. म्हणजे एकच किल्ली फिरली की अ‍ॅक्सिलरेटरही दाबला जातो आणि ब्रेकही. एरवी ब्रेक हळूहळू वरचढ होतो आणि दाह ओसरतो. ज्याची किल्ली रात्रीतून २१० वेळा फिरते त्याच्यात हा तोल कुठे जाऊन थांबतो, हा खरा प्रश्न.

आता यातली मेख पाहा. एखाद्या रुग्णाच्या रक्तात मिर-१४६ए वाढलेला आढळला. याचा अर्थ दाह वाढला आहे, असा लावता येतो. ब्रेक नीट लागला आहे, असाही लावता येतो. कमी आढळला तर दाह नाही म्हणून कमी, की ब्रेकच निकामी झाला म्हणून कमी? एका आकड्यावरून सांगता येत नाही. सोबत इंटरल्यूकिन-६, सीआरपी (दाहात रक्तात वाढणारे प्रथिन), पांढऱ्या पेशींची संख्या आणि जमल्यास पांढऱ्या पेशींमधील ट्राफ-६ ची पातळी हवी. वेगवेगळ्या अभ्यासांत एकाच मायक्रोआरएनएची दिशा उलटसुलट आली की लोक ‘संशोधकांत एकमत नाही’ म्हणून मोकळे होतात. पुष्कळदा दोघांनीही बरोबर मोजलेले असते. गाडी उतारावर कुठे असताना फोटो काढला, एवढाच फरक.

बाकीच्या मंडळींची ओळख थोडक्यात. मिर-२१० हा हिफ-१ चा खास माणूस. तो वाढला तर ऑक्सिजनचा तुटवडा लांबल्याचा संशय घ्यावा. मिर-१२६ रक्तवाहिनीच्या अस्तरात भरपूर असतो आणि पांढऱ्या पेशींना चिकटवून घेणाऱ्या व्हीकॅम-१ ला आवर घालतो. मिर-२२३ न्यूट्रोफिलसारख्या पेशींचा, एनएलआरपी-३ या दाह-यंत्रणेला लगाम घालणारा. मिर-२१ सगळीकडे सापडतो, कर्करोगात, हृदयविकारात, जखम भरताना. त्यामुळे स्लीप अ‍ॅप्नियाची खूण म्हणून त्याला फारसे महत्त्व देऊ नये, असे आमचे मत.

प्रयोगाच्या भांड्याचा मुद्दा वर राहिला होता. रात्रीच्या चढउतारांची नक्कल करायला अस्तराच्या पेशी बशीत वाढवतात आणि वरच्या हवेतील ऑक्सिजन मिनिटा-मिनिटाला बदलतात. वरची हवा बदलते, हे खरे. पण पेशी तळाशी असतात आणि त्यांच्यावर साधारण ३ मिलिमीटर द्रव असतो. ३७ अंशांना पाण्यात ऑक्सिजन ज्या गतीने झिरपतो ती गती धरून हिशेब केला तर ३ मिलिमीटर ओलांडायला अर्ध्या तासाच्या घरात वेळ लागतो. वरची हवा दर मिनिटाला बदलली तरी खालच्या पेशींना त्यातले काहीच कळत नाही. त्यांना मधलाच कुठलातरी, जवळपास स्थिर ऑक्सिजन मिळतो. म्हणजे कागदावर ‘तुटक तुटवडा’ आणि प्रत्यक्षात सौम्य सततचा तुटवडा. मग हिफ-१ जागा झाला, मिर-२१० वाढला, तर नवल काय? हा वेळ थराच्या जाडीच्या वर्गाप्रमाणे बदलतो. थर दहापट पातळ केला, म्हणजे ०.३ मिलिमीटरवर आणला, की तोच वेळ १५-२० सेकंदांवर येतो. नाहीतर पेशी वायू झिरपू देणाऱ्या पातळ पडद्यावर वाढवाव्यात आणि हवा खालून द्यावी. अभ्यास वाचताना पहिल्यांदा द्रवाची खोली आणि पेशींजवळ ऑक्सिजन प्रत्यक्ष मोजला की नाही, हे शोधावे. आणखी एक खोच : तुलनेसाठी ठेवलेल्या ‘सामान्य’ पेशींना खोलीतल्या हवेइतका ऑक्सिजन मिळतो. शरीरातील बहुतेक ऊतींना तो त्यापेक्षा पुष्कळच कमी मिळत असतो.

उंदरांचे प्रयोग याहून बरे, पण तिथे ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून ५-६ टक्क्यांपर्यंत तासाला ३० ते ६० वेळा उतरवतात. उंदीर तरुण, सडपातळ, आणि त्याचा घसा उघडाच असतो. छातीत निर्माण होणारा उलटा दाब, दर वेळची घुसमट या गोष्टी त्याच्या वाट्याला येतच नाहीत. उंदरांवरील निष्कर्ष माणसाला लावताना एवढे तरी ध्यानात ठेवावे.

आता रक्ताचा नमुना घेण्याची नळी. आमच्या अनुभवी सहकाऱ्यांना विचारा, या विषयातले निम्मे घोटाळे इथे होतात असे ते सांगतील. रक्तद्रवात मायक्रोआरएनए टिकतो कारण तो उघडा फिरत नाही. बराचसा अर्गोनॉट प्रथिनात बसलेला असतो, काही पेशींनी बाहेर टाकलेल्या सूक्ष्म पिशव्यांत, काही चांगल्या कोलेस्टेरॉलच्या कणांवर. पण त्याचे प्रमाण इतके अत्यल्प की लाल पेशी किंवा प्लेटलेट यांच्यातून थोडी जरी गळती झाली तरी सगळा हिशेब बुडतो. लाल पेशींमध्ये मिर-४५१ए, मिर-१६ आणि मिर-४८६-५पी ठासून भरलेले असतात. प्लेटलेटमध्ये मिर-२२३ आणि मिर-१२६.

म्हणून रक्त काढताना सुई फार बारीक नको. २१ गेज ठीक. दंडावरचा पट्टा मिनिटाच्या आत सोडावा, पिचकारी जोराने ओढू नये. नळी जांभळ्या झाकणाची, ईडीटीए या गुठळी रोखणाऱ्या रसायनाची. हिरव्या झाकणाची नको, कारण तिच्यातले हेपॅरिन हे गुठळीरोधक पुढे पीसीआरचे, म्हणजे प्रती वाढवून मोजण्याच्या पद्धतीचे, विकरच अडवून धरते. रुग्णाला उपचार म्हणून हेपॅरिन दिले असेल तरी हाच त्रास होतो, आणि नमुन्यात मायक्रोआरएनए ‘कमी’ असल्याचा भास होतो. नळी आठ-दहा वेळा हलकेच उलटीसुलटी करावी. झटकली की लाल पेशी फुटतात. गुठळी होऊ दिलेला सीरमही टाळावा. गुठळी होताना प्लेटलेट आपला माल ओततात.

दोन तासांच्या आत नळी सेंट्रिफ्यूज यंत्रात फिरवायची. पहिली फेरी १५०० ते २००० ‘जी’वर (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाइतका जोर) १० ते १५ मिनिटे. वरचा पिवळा द्रव घेताना पांढऱ्या थराच्या वर अर्धा सेंटिमीटर तसाच सोडावा. हाव करून शेवटचा थेंब ओढला की प्लेटलेट आलेच. दुसऱ्या नळीत घेऊन पुन्हा २५०० जीवर १५ मिनिटे. ही दुसरी फेरी वाचवण्याचा मोह फार होतो. पण उरलेले प्लेटलेट उणे ८० अंशांना गोठतात आणि वितळताना फुटतात, त्यानंतर कितीही फिरवले तरी उपयोग नाही. द्रव लहान लहान भागांत वाटून ठेवावा, म्हणजे एकच नळी पुन्हा पुन्हा वितळवावी लागत नाही.

लाल पेशी फुटल्या का, हे डोळ्यांवर सोपवू नये. गुलाबी छटा दिसायच्या कितीतरी आधी मिर-४५१ए वाढलेला असतो. सोपी चाचणी अशी : मिर-२३ए-३पी लाल पेशींच्या फुटण्याने फारसा बदलत नाही. पीसीआरमध्ये त्याच्या आवर्तन-अंकातून (तो दिसू लागेपर्यंत लागलेल्या आवर्तनांच्या संख्येतून) मिर-४५१ए चा आवर्तन-अंक वजा करावा. फरक ५ च्या आत असेल तर नमुना चांगला, ७ च्या वर गेला तर बाद. मधले नमुने संशयित म्हणून वेगळे ठेवावेत. पीसीआरमध्ये प्रत्येक आवर्तनाला माल दुप्पट होतो, हे लक्षात घेतले की दोन आवर्तनांचा फरक म्हणजे चौपट, हे कळते. एवढा फरक नुसत्या चुकीच्या सुईने पडू शकतो आणि बातमीत तो ‘चौपट वाढ’ म्हणून छापला जाऊ शकतो.

रक्तद्रवातून निघणारा आरएनए इतका थोडा असतो की तो नेहमीच्या प्रकाशमापकाने मोजण्यात अर्थ नाही. म्हणून सगळ्या नमुन्यांतून सारखे आकारमान, बहुधा २०० मायक्रोलिटर, घेऊन सुरुवात करतात. निष्कर्षणात किती वाया गेले हे कळावे म्हणून गोलकृमीचा कृत्रिम मिर-३९ ठरलेल्या मात्रेत मिसळतात. माणसात तो नसतो. तो केव्हा मिसळायचा, यात चूक होते. रक्तद्रवात थेट टाकला तर तिथली विकरे त्या उघड्या आरएनएचा काही सेकंदांत फडशा पाडतात. आधी रक्तद्रवात प्रथिने मोडणारे द्रावण पूर्ण मिसळावे, मगच तो टाकावा. पुढे तुलनेचा आधार म्हणून यू-६ हा पेशीतला दुसरा एक छोटा आरएनए वापरलेला दिसला तर कपाळावर आठी पडली पाहिजे. तो पेशींच्या आतल्या मोजमापांसाठी ठीक. रक्तद्रवात त्याचा भरवसा नाही. मिर-१६ आधार म्हणून घेतला असेल तर लाल पेशींचा मुद्दा पुन्हा आलाच. एका आधारावर विसंबण्यापेक्षा, सर्व नमुन्यांत स्थिर राहिलेले दोन-तीन मायक्रोआरएनए आपल्याच मालिकेतून निवडणे बरे.

नळी निर्दोष असली तरी तुलना कोणाशी केली, हा प्रश्न उरतो. तीव्र स्लीप अ‍ॅप्नियाचे रुग्ण बहुधा जाड असतात. २०१७ मध्ये उंदरांवर दाखवले गेले की रक्तातील सूक्ष्म पिशव्यांमधल्या मायक्रोआरएनएचा मोठा वाटा चरबीतून येतो. चरबीच्या पेशींतील डायसर काढून टाकला तर रक्तातले पुष्कळसे मायक्रोआरएनए घटतात. मग ३४ बीएमआयच्या रुग्णाची तुलना २३ बीएमआयच्या निरोगी माणसाशी करून जो फरक मिळतो, तो घशाचा की पोटाचा? वजन, वय, लिंग, धूम्रपान, मधुमेह या सगळ्यांत जुळवलेली जोडी मिळवणे कष्टाचे आहे, पण त्याला पर्याय नाही. औषधेही पाहावी लागतात. अ‍ॅस्पिरिन प्लेटलेटांना शांत करते आणि रक्तद्रवातील मिर-१२६ त्यामुळे खाली येतो. हृदयविकारासाठी अ‍ॅस्पिरिन घेणारे अ‍ॅप्नियाच्या रुग्णांत कमी नसतात.

चरबीचा हा मुद्दा मायक्रोआरएनएपुरता नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत मध्यम ते तीव्र अ‍ॅप्निया असलेल्या १८१ लठ्ठ व्यक्तींना २४ आठवडे सीपॅप (मास्कमधून दाबाने हवा देऊन घसा उघडा ठेवणारे यंत्र), वजन घटवणे किंवा दोन्ही असे उपचार दिले गेले. सीआरपी उतरला तो वजन घटवणाऱ्या दोन्ही गटांत. नुसत्या सीपॅपने उतरला नाही. दाहाचा सगळा दोष घशावर टाकणाऱ्यांनी ही चाचणी जरूर वाचावी.

लहान मुलांमधले काम आम्हाला त्यामुळेच जास्त मोलाचे वाटते. मुलांत अ‍ॅप्निया बहुधा वाढलेल्या टॉन्सिल-अ‍ॅडिनॉइडमुळे होतो. धूम्रपान नाही, वर्षानुवर्षांचा रक्तदाब नाही, औषधांची यादी नाही. २०१६ च्या एका अभ्यासात, ज्या मुलांच्या रक्तवाहिन्यांचे अस्तर नीट काम करत नव्हते त्यांच्या सूक्ष्म पिशव्यांत मिर-६३० कमी आढळला, उपचारानंतर तो सुधारला आणि प्रयोगशाळेत तो परत भरल्यावर त्या पिशव्यांचा अस्तर-पेशींवरील दुष्परिणाम ओसरला. नुसता ‘संबंध’ दाखवून न थांबता कमतरता भरून पाहिली, ही यातली खरी गोष्ट. सगळ्याच मुलांत अस्तर बिघडलेले नव्हते, हेही महत्त्वाचे. अडथळा सारखा असूनही उत्तर वेगळे, आणि ते वेगळेपण मायक्रोआरएनएत उमटले.

मायक्रोआरएनएचा उपयोग कुठे होऊ शकेल, याची दिशाही तिथेच आहे. औषधांना दाद न देणारा रक्तदाब आणि अ‍ॅप्निया असे दोन्ही असलेल्या १९४ रुग्णांवरील स्पॅनिश चाचणीत सीपॅपने २४ तासांचा सरासरी रक्तदाब, सीपॅप न दिलेल्यांपेक्षा, पाऱ्याच्या ३.१ मिलिमीटरनेच जास्त उतरला. ही झाली सरासरी. प्रत्यक्षात काहींचा चांगला उतरला, काहींचा हललाही नाही. २०१५ मध्ये त्याच गटाने मिर-३७८ए-३पी, मिर-४८६-५पी आणि मिर-१००-५पी या तीन मायक्रोआरएनएंच्या पातळीवरून, उपचार सुरू करण्याआधीच, कोणाचा रक्तदाब उतरेल याचा अंदाज बांधता येतो असे मांडले. निदान आधीच झालेले आहे आणि प्रश्न उपचार कोणाला लागू पडेल हा आहे, अशा जागी हे साधन शोभते. फक्त मधल्या नावाकडे पाहा : मिर-४८६-५पी, लाल पेशींचा रहिवासी. तीनांतला एक घटक सुईच्या जाडीवर डगमगू शकत असेल, तर ही चाचणी दुसऱ्या प्रयोगशाळेत नेताना लाल पेशींच्या फुटण्याची तपासणी प्रत्येक नमुन्यावर सक्तीची करावी लागेल.

आणि संख्येचा खेळ. एका चिपवर ७०० मायक्रोआरएनए मोजले आणि पाच टक्क्यांची नेहमीची मर्यादा लावली, तर काहीही फरक नसताना नुसत्या योगायोगाने ३५ ‘महत्त्वाचे’ ठरतील. दहा रुग्ण आणि दहा निरोगी घेऊन निघालेली लांबलचक यादी म्हणूनच फार मनावर घेऊ नये. नव्या, वेगळ्या रुग्णांत तीच नावे पुन्हा आली का, एवढे पाहावे. नावाचे शेपूटही गाळू नये. ३पी आणि ५पी हे एकाच घडीचे दोन वेगळे धागे, त्यांची लक्ष्ये वेगळी. मिर-१४६ए आणि मिर-१४६बी यांच्यात तर शेपटाकडच्या दोनच अक्षरांचा फरक आहे. साधी चाचणी त्यांची गल्लत करू शकते.

औषधांबद्दल लिहिण्यासारखे फार नाही. मिर-३४ए ची नक्कल असलेले कर्करोगावरचे औषध रोगप्रतिकारशक्तीच्या गंभीर दुष्परिणामांमुळे २०१६ मध्ये थांबवावे लागले. शेकडो जनुकांवर हात ठेवणारा रेणू सगळ्या शरीरात सोडण्याची ती किंमत. स्लीप अ‍ॅप्नियासाठी मायक्रोआरएनएवर चालणारे एकही औषध आज उपलब्ध नाही. कोणी गोळी, थेंब किंवा पूरक आहार त्या नावाने विकत असेल तर सरळ नाही म्हणावे.

ज्यांना जोरात घोरणे, मध्येच श्वास अडकणे, सकाळी डोके जड होणे, दिवसा बसल्या जागी डुलकी लागणे असे त्रास आहेत, त्यांनी झोपेचीच तपासणी करून घ्यावी. एएचआय, सर्वांत खालचा ऑक्सिजन आणि ९० टक्क्यांच्या खाली घालवलेली एकूण मिनिटे, हे तीन आकडे अहवालातून मागून घ्यावेत. दाहाच्या दृष्टीने तिसरा आकडा पुष्कळदा पहिल्यापेक्षा बोलका असतो. ३० एएचआय असलेल्या दोघांपैकी एकाचा ऑक्सिजन ९२ च्या खाली गेलेला नसतो आणि दुसरा रात्रीतले दोन तास ९० च्या खाली काढतो.

एखाद्या अभ्यासासाठी रक्त देण्याची वेळ आली, तर द्यावे. त्याशिवाय हे शास्त्र पुढे जाणार नाही. पण उपचाराआधीचा आणि नंतरचा नमुना सकाळी त्याच वेळेला, उठल्यावर तासाभरात, उपाशीपोटी आणि त्याच प्रकारच्या नळीत घेतला जाईल का, हे विचारावे. चालू औषधांची यादी द्यावी, आदल्या दिवसांतला ताप, दातदुखी किंवा जखम आवर्जून सांगावी. साध्या सर्दीनेही हे आकडे हलतात. दोन्ही वेळचे वजन नोंदवले जाते का, ते पाहावे. सीपॅप किती तास लावला हे तोंडी सांगू नये, यंत्राच्या नोंदीतून काढून द्यावे. रात्री किमान चार तास आणि दहापैकी सात रात्री, हा नेहमीचा निकष. २०१६ च्या, २७१७ रुग्णांच्या मोठ्या चाचणीत सरासरी वापर रात्रीला ३.३ तासच भरला होता. ती नोंद नसती तर सीपॅपचा हृदयविकाराविरुद्ध उपयोग झाला नाही, या निष्कर्षाचा अर्थ लावणे अशक्य झाले असते. आणि अहवालात मायक्रोआरएनएचा आकडा आला, तर त्याच्या शेजारी मिर-४५१ए आणि मिर-२३ए यांचा फरक छापला आहे का, तेवढे बघावे. नसेल तर मागावा. प्रयोगशाळेकडे तो असतोच, किंवा तासाभरात काढता येतो.

आपले,
निद्राविकार तपासणी व रेण्वीय निदान या क्षेत्रांत काम करणारे काही वाचक